दिवेलागणीच्या आत

'दिवेलागणीच्या आत घरी ये' हे वाक्य कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. मराठी घरांत मात्र पिढ्यानुपिढ्या मुलांनी ते ऐकले, मोडले आणि मोठेपणी आपल्या मुलांना ऐकवले. आठवणींच्या लेखनात हे वाक्य हल्ली एका विशिष्ट सुरात येते. आमच्या लहानपणी आम्ही दिवसभर गावभर उंडारत होतो, संध्याकाळी हाक आली की परतत होतो, आजची मुले मात्र चार भिंतींत कोंडली गेली आहेत, असा तो सूर. त्यातली हळहळ खोटी नाही. तरीही साहित्याचे अभ्यासक म्हणून आपण एक प्रश्न विचारायला हवा. या वाक्यातला 'आम्ही' कोण?

आधी शब्दाकडे पाहू. 'कर्फ्यू' हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ 'विस्तव झाका' असा आहे. मध्ययुगीन युरोपातील नगरांत रात्री ठरावीक वेळी घंटा होई आणि घरोघरच्या चुली झाकून ठेवाव्या लागत. लाकडी घरांच्या वस्तीत आगीचे भय मोठे होते. आपल्याकडील घरगुती मर्यादा मात्र दिवा लावण्याशी जोडलेली आहे. देवापुढे आणि तुळशीपाशी दिवा लागायचा, हातपाय धुऊन मुलांनी 'शुभंकरोति' म्हणायचे, मग परवचा आणि पाढे. घड्याळ फार थोड्या घरांत होते, त्यामुळे ही वेळ उन्हाळ्यात लांबे आणि थंडीत आखडे. या नियमाला मराठीने स्वतंत्र नाव दिले नाही. 'संचारबंदी' हा शब्द सरकारी हुकुमासाठी राखला गेला. घरच्या हुकुमाला नुसती वेळ पुरली.

पण परत येण्याचा नियम ज्याला लागू होतो, त्याला आधी बाहेर जाण्याची मुभा असावी लागते. ही मुभा कोणाला किती होती, याचा इतिहास मराठी साहित्यात विखुरलेला आहे.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यातला पोहण्याचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. विहिरीवर जायचे टाळण्यासाठी श्याम माळ्यावर लपून बसतो आणि आई त्याला मारून बाहेर काढते. हा प्रसंग आपण बहुधा आईच्या कठोर मायेचे उदाहरण म्हणून शिकवतो. इतिहासाच्या नजरेने पाहिले तर त्यात आणखी काही दिसते. कोकणातल्या त्या ब्राह्मण घरात मुलाने बाहेर जाणे, पाण्यात उडी घेणे ही केवळ सवलत नव्हती, ती अपेक्षा होती. मुलगा भित्रा निघाला असे चारचौघांनी म्हणू नये, याची काळजी आईला होती. मुलाचे मोकळेपण हा घराच्या प्रतिष्ठेचा भाग होता.

पुढच्या काळातील दोन लाडके नायक घेऊ. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवरून पुणे पालथे घालतो, कारण फुरसुंगीचे घर सोडून तो शिक्षणासाठी पुण्यात राहतो आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन 'वनवास' (१९९४) पासून आपल्याला भेटतो. तो आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. रस्ते, झाडे, माणसे यांच्याशी त्याचे जे नाते जुळते, त्याला या दूरपणाचीच पार्श्वभूमी आहे. म्हणजे मुलाला मोकळे सोडायचे, तर आधी आईवडिलांना कथेतून थोडे बाजूला करावे लागते, असे या लेखकांच्या कथारचनेतून दिसते. ज्या मोकळेपणाला आज आपण सर्वसाधारण समजतो, तो त्या कथांतही काहीसा अपवादात्मकच आहे.

हे नायक मुलगे आहेत, हे ओघाने आलेच. मुलींच्या बाबतीत मर्यादा घड्याळाच्या तासाची नव्हती, वयाच्या वर्षाची होती. रमाबाई रानड्यांचा जन्म १८६२ चा आणि विवाह १८७३ चा. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा आणि विवाह १८८० चा. म्हणजे दोघींच्या बाबतीत अकरा-बारा वर्षांच्या आत माहेरचे अंगण संपले. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) आणि 'स्मृतिचित्रे' ही पुस्तके आपण स्त्रीशिक्षणाचा, धर्मांतराचा, सहजीवनाचा दस्तऐवज म्हणून वाचतो. त्यांत बालपणाला मिळालेली पाने किती आणि ते बालपण कुठे तुटते, हेही मोजून पाहण्यासारखे आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले ते आपण जाणतो. शारदा कायद्याने १९३० पासून मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले. या कायद्यांचा इतिहास विवाहसंस्थेचा म्हणून लिहिला जातो. तो मुलीच्या खेळण्या-फिरण्याच्या वर्षांचाही इतिहास आहे.

मुलींना सूट मिळे ती पंचांगाने. आश्विनातल्या हादग्या-भोंडल्याच्या संध्याकाळी त्या घरोघर जात, फेर धरत, खिरापत ओळखत. मंगळागौरीला नव्या सासुरवाशिणींना रात्र जागवता येई. नागपंचमीला झाडाला झोका बांधला जाई. या प्रत्येक मोकळिकीला एक निमित्त हवे होते, एक देवता हवी होती. मुलाला निमित्त लागत नसे. होळीच्या आधी तर लोकांच्या परसातल्या गोवऱ्या आणि लाकडे रात्री पळवण्यालाही गावाने हसून मान्यता दिली होती. भाषेनेही हा भेद जपला. मुलगा 'उनाड' ठरतो तेव्हा त्या शब्दात थोडे कौतुक मिसळलेले असते. मुलीसाठी 'भटकभवानी' आहे, त्याचे पुल्लिंगी रूप मराठीने घडवले नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' (२०११) या पुस्तकात मुंबईतील स्त्रियांच्या संदर्भात हाच मुद्दा मांडला. बाहेर पडलेल्या स्त्रीला सतत काहीतरी काम असल्याचे दाखवावे लागते, निव्वळ रेंगाळण्याचा हक्क तिला मिळत नाही. भोंडल्याची परवानगी आणि महानगरातील ही अट यांत नाते आहे.

आता गावकुसाबाहेर जाऊ, कारण दिवेलागणीचा अर्थ तिथे उलटा होतो. वाड्यातली मुले घरात येण्याची जी वेळ, तीच महारवाड्यातून पाळीच्या येसकराने घुंगुरकाठी घेऊन गावात जाण्याची आणि दारोदार भाकरी मागण्याची वेळ. त्याच्या घरातली मुले त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसत. महार वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला, तोवर ही व्यवस्था कायद्याने उभी होती. गावात फिरता येई ते कामापुरते. कोणत्या गल्लीतून जायचे, कोणत्या ओट्यापासून किती अंतर राखायचे, कोणत्या पाणवठ्याकडे वळायचेच नाही, हा नकाशा मुलाला पाढ्यांच्या आधी पाठ होई. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६), शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) ही पुस्तके या नकाशाचे वाचन आहेत. 'बलुतं'मधील मुलगा धामणगाव आणि मुंबईतला नागपाड्याजवळचा कावाखाना यांच्यामध्ये वाढतो. शहरातल्या गल्ल्या त्याला गावापेक्षा अधिक दाखवतात, आणि जे दाखवतात ते लहान मुलाने पाहावे असे नेहमीच नसते. तिथले फिरणे स्वातंत्र्य खरे, पण रक्षण न मिळालेल्या मुलाचे स्वातंत्र्य.

याहून कठोर मर्यादा सरकारने लिहून काढली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार मानले. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची तरतूद केली. १९११ नंतर हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. 'सेटलमेंट' हे त्या भागाचे नाव तिथे रुळून गेले. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही, हा तिथला दिनक्रम. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याच्या यादीतून मुक्त झाल्या, पोलिसांची नजर मात्र तितक्या सहज मुक्त झाली नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'मध्ये (१९८७) घरावर पडणाऱ्या पोलिसांच्या धाडी हा बालपणाचाच अनुभव आहे. लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'मधले (१९८०) कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडते. त्या मुलाइतके कोण फिरले असेल? पण 'संध्याकाळी घरी ये' असे त्याला म्हणायचे, तर घर कुठे आहे? फिरणे आणि मोकळे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या पुस्तकाइतके स्पष्ट फार थोड्या मराठी पुस्तकांनी सांगितले असेल.

शहराने यात काही बदल घडवले. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या मुंबईच्या बी. डी. डी. चाळींसारख्या वस्त्यांत सामाईक गॅलरी मुलांचे अंगण झाली. चाळीतले कोणतेही मोठे माणूस कोणाच्याही मुलाला रागावू शके, त्यामुळे आईला खिडकीत उभे राहावे लागत नसे. ही सामूहिक नजर मुलाला सांभाळी, आणि मुलीवर पाळतही ठेवी. याच शहराने संचारबंदीही पाहिली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईच्या अनेक वस्त्यांतील मुलांना पहिल्यांदा कळले की घराबाहेरच्या रस्त्याला धर्म असतो. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे संपूर्ण राज्यात संचारबंदी आली, तेव्हा सगळी मुले एकाच वेळी घरात बसली. पण घर या शब्दाखाली कोणाची गच्ची होती, तर कोणाची दहा बाय दहाची खोली. त्याच दिवसांत काही मुले आईबापांबरोबर महामार्गांवरून पायी गावाकडे निघाली होती.

आज वाहने वाढली, मैदाने आक्रसली, गृहसंकुलांना फाटके आणि पहारेकरी आले. मर्यादा आता वेळेऐवजी अंतराची झाली आहे. फाटकापर्यंत जा, पलीकडे नको. या बदलावर लिहिताना आम्हां शिक्षकांना स्मरणरंजनाचा मोह पडतो, कारण आमच्यापैकी बहुतेकांनी दिवेलागणीचा तो गोड काळ थोडाफार उपभोगलेला आहे. वर्गात 'वनवास'वर बोलताना हा मोह अधिकच होतो. म्हणून आम्हाला असे वाटते की 'वनवास' आणि 'उपरा', 'श्यामची आई' आणि 'जिणं आमुचं' ही पुस्तके एकाच तासाला शेजारी ठेवून वाचावीत. प्रत्येक बालपणाला तेच तीन प्रश्न विचारावेत. किती वाजेपर्यंत? कुठपर्यंत? कोणाच्या परवानगीने? लंपनचे मोकळेपण त्यामुळे उणे होत नाही. उलट ते किती दुर्मीळ होते हे कळल्यावर संतांच्या गद्यातील त्या दुपारी अधिक मोलाच्या वाटू लागतात.

मुलांना मोहल्ल्यात निर्धास्त फिरता यावे, ही मागणी रास्तच आहे. पण ती गेलेले दिवस परत आणण्याची मागणी म्हणून मांडली, तर मुलगी, महारवाड्यातला मुलगा आणि सेटलमेंटमधले मूल तिच्यातून पुन्हा बाहेर राहतात, कारण त्यांच्याजवळ परत मागण्यासारखे काही नव्हतेच. त्यांच्या बाजूने पाहिले तर हे स्वातंत्र्य अजून यायचे आहे. पुढच्या वेळी 'माझे बालपण' हा निबंधाचा विषय देताना वर्गात मागच्या बाकावर कोण बसले आहे आणि ते घरी किती वाजता पोहोचते, हे आपण एकदा विचारून पाहावे.