तारुण्याची भूल आणि मावळची लढाई

आपल्या समाजास तारुण्याची भूल पडली आहे, आणि ती पिकल्या केसांस कलप लावण्यापुरतीच नाहीं. इतिहास वाचतांनाही आपण ती बरोबर घेऊन बसतों. थोरले माधवराव पेशवे १७७२ सालीं थेऊरास वारले ते अवघ्या २७ वर्षांचे असतांना; विश्वासराव पानिपतावर पडले तेव्हां त्यांची विशीही उलटली नव्हती. या नांवांसरशी आपला कंठ दाटतो. मल्हारराव होळकरांचें नांव निघालें म्हणजे मात्र ‘पानिपताहून निघून गेलेला म्हातारा’ एवढेंच आठवतें.

या म्हाताऱ्यानें १७६० सालीं काय सांगितलें होतें? बायकामुलें, जड तोफा व बाजारबुणगे मागें ठेवावे, सड्या फौजेनें शत्रूची रसद तोडावी, त्यास उपाशी मारावें. सुरजमल जाटाचेंही तेंच मत होतें. मल्हारराव त्या वेळीं ६७ वर्षांचे, सदाशिवरावभाऊ तिशींतले. मल्हाररावांची बुद्धि वयानें मंदावली असें भाऊंनीं ठरविलें, असें काशीराज पंडिताच्या वृत्तांतांत आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ हें शास्त्रवचन नव्हे. तरी त्यावर केवढा विश्वास!

त्या सल्ल्याची परीक्षा अठरा वर्षांनीं आमच्या मावळांत झाली. कुंडलीकांठच्या वडिवळें गांवाहून कार्लें व वडगांव हीं दोन्ही स्थळें फार दूर नाहींत. राघोबादादांस घेऊन सुमारे ३,९०० इंग्रजी फौज १७७८ च्या डिसेंबरांत बोरघाट चढून आली. सामानासाठीं बैलच मुळीं १९,००० होते म्हणतात. म्हणजे पानिपतावरचेंच तें ओझें, फक्त या खेपेस तें शत्रूच्या खांद्यावर! मराठ्यांनीं निकराची लढाई न देतां फौज पुढें येऊं दिली, दोहों बाजूंनीं सतावलें, वैरण-दाणा जाळला. ९ जानेवारी १७७९ रोजीं इंग्रज तळेगांवास पोंचले, तों तेथें राखेवांचून कांहीं नव्हतें. ११ तारखेच्या रात्रीं जड तोफा तळ्यांत लोटून ते मागें फिरले; १६ तारखेस वडगांवचा तह झाला.

ही मसलत चालविणारे महादजी शिंदे भाऊंचे जवळजवळ समवयस्क. पानिपतानें त्यांस लंगडें केलें. पण वय वाढूं दिलें. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील या पुरुषानें मल्हाररावांचेंच सूत्र तळेगांवावर लावलें, असें आम्हांस वाटतें.

म्हातारपण म्हणजे शहाणपण, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. साडेतीन शहाण्यांपैकीं एक पुरा शहाणा जो वयोवृद्ध सखारामबापू, तोच कारभारी असतांना राघोबादादांशीं आंतून संधान बांधून होता. त्याचेंच पत्र त्याच्यापुढें ठेवण्यांत आलें, आणि १७८१ सालीं तो कैदेंत मेला. तारुण्याची तरफदारी जशी आंधळी, तशीच पांढऱ्या केसांचीही असूं शकते.

लोकस्मृति मात्र आपल्याच चालीनें चालते. कार्ल्यास ४ जानेवारीस तोफेच्या गोळ्यानें पडलेला इंग्रज कॅप्टन स्टुअर्ट मावळच्या लोकांनीं ‘इष्टुर फांकडा’ म्हणून उचलला. फांकडा म्हणजे ऐटदार, तडफदार. शत्रूंतही आम्हीं हाच गुण हेरला! वडगांवास त्याची समाधि आहे व तिला लोक नवससुद्धां करीत. मल्हाररावांची छत्री मावळापासून शेंकडों कोस दूर आलमपुरास आहे. १७६६ सालीं ते तेथेंच वारले.