३३७ टनांच्या बाहेर

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरच्या भट्टीत जळून संपला ३० जून २०२५ रोजी. प्रकरण मिटलं, असं अनेकांना वाटलं. पण हा आकडा नेमका कशाचा?

२००५ मध्ये आवारात विखुरलेला कचरा गोण्यांत भरून तिथल्याच शेडमध्ये ठेवला गेला. त्याचंच हे वजन. आधीच्या कागदांत ते ३४६-३४७ टन दिसतं; २०१५ मध्ये चाचणीसाठी दहा टन जाळले, ते वजा केले की हिशेब साधारण जुळतो. मधल्या काळात अंकलेश्वर, नागपूर, थेट जर्मनी अशी ठिकाणं सुचली आणि विरोधामुळे बारगळली.

आता गोण्यांत काय होतं ते पाहा. सेविन-नॅप्थॉलचा गाळ होता, अर्धवट तयार कीटकनाशकं होती, आणि १६२ टन नुसती माती होती. जवळजवळ निम्मी! ही माती विषारी, तर गोणीत न मावलेल्या मातीचं काय? याचं उत्तर नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेनं २०१० च्या अहवालात दिलंय: दूषित माती सुमारे ११ लाख टन. म्हणजे जाळलेल्या कचऱ्याच्या सव्वातीन हजार पट.

ही माती एका रात्रीत बिघडली नाही. कारखाना १९६९ पासून चालू होता, टाकाऊ रसायनं आवारातच पुरली जात होती. १९७७ पासून सांडपाणी कुंपणाबाहेर उत्तरेकडच्या तळ्यांत सोडलं जाऊ लागलं. म्हणजे १९८४ ची वायुगळती झालीच नसती, तरी हे विष तिथं असतंच. मातीतलं विष भूजलातही उतरलं होतं; म्हणून २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आसपासच्या वस्त्यांना शुद्ध पाणी द्यायला सांगितलं. गोण्या भरायच्या वर्षभर आधीच पाण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचला होता; विष गोण्यांबाहेर होतं, याचा याहून ठोस पुरावा कोणता हवा?

उच्च न्यायालयाचा ३ डिसेंबर २०२४ चा आदेशही नीट वाचायला हवा. त्यात कारखान्याची जागा साफ करायला सांगितलंय. चार आठवड्यांची मुदत मात्र कचरा हलवण्यासाठी होती. मुदत होती तेवढं काम झालं. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर निघाले, आणि पिथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले. त्यांची भीती मला अनाठायी वाटत नाही. जाळताना चुना वगैरे मिसळल्यामुळे राख कचऱ्याच्या दुपटीहून जास्त, आठशे टनांवर भरली, आणि ती पुरायची योजना होती तिथंच, त्यांच्या गावाशेजारी.

'नीरी'च्या ११ लाख टनांना मात्र त्या आदेशानं अशी मुदत घातलेली नव्हती.