साउथ कॅरोलिना : गुलामांच्या बाजारापासून मोटारींच्या कारखान्यापर्यंत

आपल्याला एक गोष्ट नेहमी ऐकवली जाते. कारखाने येऊ द्या, रस्ते होऊ द्या, शहरं वाढू द्या, जात आपोआप जाईल. असं बोलणारा दरवेळी आपला दुश्मन असतो असं नाही. कधी तो युनियनचा पुढारी असतो, कधी आपल्यातलाच चार बुकं शिकलेला. म्हणून त्याला शिवी देऊन भागत नाही. इतिहास काढून समोर ठेवावा लागतो. इथं मी अमेरिकेतल्या एका राज्याचा इतिहास मांडतोय. राज्याचं नाव साउथ कॅरोलिना. २०२३ साली अमेरिकेत टक्केवारीनं सगळ्यात जलद लोकसंख्या वाढली ती या राज्याची. बीएमडब्ल्यूच्या मोटारी तिथं बनतात, बोइंगची विमानं तिथं जोडली जातात. आणि गुलामी टिकवण्यासाठी देश फोडून सगळ्यात आधी बाहेर पडलेलं राज्यही हेच.

सुरुवात १६७० ची. इंग्रजांनी चार्ल्सटन वसवलं. त्यातले बरेच जण बार्बाडोस बेटावरचे ऊसमळेवाले. येताना त्यांनी गुलाम आणले आणि गुलामांना दाबायचे कायदेही आणले. पुढं इथं पैसा उभा राहिला भातावर आणि निळीवर. भाताची शेती गोऱ्यांना कुठं येत होती? ती येत होती पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांना. दलदल उपसून, बांध घालून, हिवतापानं मरत त्यांनी खाचरं उभी केली. १७०८ च्या सुमारालाच या वसाहतीत काळ्यांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त झाली. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकन माणसांपैकी जवळजवळ चाळीस टक्के चार्ल्सटनच्या बंदरातून उतरवले गेले, असं इतिहासकार सांगतात.

जिथं गुलाम जास्त, तिथं मालकाला झोप कमी. १७३९ साली स्टोनो नदीच्या काठावर गुलामांनी बंड केलं. ते चिरडलं आणि १७४० साली नवा कायदा आला. गुलामाला लिहायला शिकवलं तर दंड. त्यांनी जमायचं नाही, ढोल वाजवायचा नाही, स्वतःसाठी धान्य पिकवायचं नाही. अंगावर कुठल्या जाडाभरड्या जातीचं कापड घालायचं तेसुद्धा कायद्यात लिहिलेलं. १८३४ साली वाचायला शिकवण्यावरही बंदी आली. शिक्षण, जमाव, पोटापाण्याचं साधन, कपडा. बंदी कशाकशावर घातली ते बघा. मनूचं पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं, तरी यादी तीच निघाली. कारण माणसाला कायमचं खाली ठेवायचं तर कुठं कुठं दाबावं लागतं, हे मालकवर्गाला कुणी शिकवावं लागत नाही.

१८२२ साली डेन्मार्क व्हीसी नावाच्या सुतारानं मोठ्या उठावाची तयारी केल्याचा आरोप झाला. हा माणूस लॉटरीत पैसे लागले त्यातून स्वतःला विकत घेऊन मोकळा झालेला. त्याच्यासह ३५ जणांना फाशी दिलं. त्याचं नातं ज्या काळ्यांच्या चर्चशी होतं ते पाडून टाकलं. हे चर्च लक्षात ठेवा, पुढं त्याचा संबंध येणार आहे.

आता तत्त्वज्ञान. नुसत्या चाबकावर व्यवस्था चालत नाही, तिला पोथी लागते. या राज्याचा सिनेटर जॉन कॅल्हून यानं १८३७ साली सिनेटमध्ये सांगितलं की गुलामी ही नाइलाजानं सोसायची वाईट गोष्ट नव्हे, ती चांगलीच गोष्ट आहे. १८५८ साली दुसरा सिनेटर जेम्स हॅमंड याच्याही पुढं गेला. त्याचं म्हणणं असं : प्रत्येक समाजात हलकी, कष्टाची कामं करायला एक वर्ग लागतोच. घराच्या पायाला जी तुळई चिखलात पडून राहते तसा हा वर्ग. ती खाली आहे म्हणून वरचं घर उभं, वरची संस्कृती उभी. आपल्याकडं पुरुषसूक्तात पायापासून शूद्र निघाला, हॅमंडनं पायाखालची तुळई काढली. आणि तो उत्तरेकडच्या भांडवलदारांना असंही म्हणाला, की तुमचे गिरणीकामगार तरी दुसरे कोण आहेत? तेही गुलामच, फक्त रोजावर ठेवलेले. शत्रू कधीकधी आपल्या मित्रांपेक्षा स्वच्छ बोलतो.

१८६० च्या शिरगणतीत राज्याची लोकसंख्या ७,०३,७०८. त्यात गुलाम ४,०२,४०६. म्हणजे शंभरातले सत्तावन्न. त्याच साली नोव्हेंबरात लिंकन निवडून आला. २० डिसेंबर १८६० ला चार्ल्सटनमधल्या परिषदेनं १६९ विरुद्ध शून्य मतांनी अमेरिकेतून फुटून निघायचं ठरवलं. त्या १६९ मध्ये सत्तावन्न टक्क्यांतला एकही नव्हता. एप्रिल १८६१ मध्ये बंदरातल्या सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या आणि यादवी युद्ध पेटलं.

आजही तिकडं काही लोक सांगतात की हे युद्ध गुलामीसाठी नव्हतं, राज्यांच्या हक्कांसाठी होतं. फुटीर परिषदेनं २४ डिसेंबरला कारणांचं जाहीर पत्रक काढलं, ते वाचावं. त्यात तक्रार आहे ती ही की उत्तरेकडची राज्यं पळालेले गुलाम परत करत नाहीत, गुलामीला पाप म्हणतात, गुलामीविरोधी संघटना चालू देतात. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी स्वतःचा हक्क वापरून गुलाम परत द्यायला नकार दिला, हेच यांच्या पोटात दुखत होतं! राज्याचा हक्क हे नंतर चढवलेलं सोवळं. आपल्याकडंही जातीला श्रमविभागणी म्हणणारे आहेतच. असल्यांना त्यांचेच जुने कागद दाखवावेत.

युद्ध चालू असताना काळी माणसं हात बांधून बसली नव्हती. १३ मे १८६२ च्या पहाटे रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम नावाड्यानं प्लँटर नावाचं लष्करी जहाज चार्ल्सटनच्या बंदरातून पळवलं. कप्तानाची टोपी घातली, किल्ल्याकिल्ल्यापुढं बरोबर शिट्टीची खूण दिली, बायकापोरांना घेतलं आणि जहाज उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केलं. हा माणूस लिहायवाचायला शिकला तो मोठेपणी. युद्धानंतर ज्या मालकाच्या घरामागच्या झोपडीत जन्मला, ते घरच त्यानं विकत घेतलं.

१८६५ साली जनरल शर्मननं समुद्रकाठची जमीन मोकळ्या झालेल्या गुलामांना चाळीस चाळीस एकरांनी द्यायचा हुकूम काढला. काही महिन्यांत अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननं तो फिरवला आणि बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत दिली. म्हणजे माणूस सुटला पण जमीन सुटली नाही. पुढची शंभर वर्षं काय झालं, त्याचं निम्मं कारण या एका वाक्यात आहे.

तरीही १८६८ साली एक नवल घडलं. राज्यघटना लिहायला जी परिषद बसली तिच्यात काळे प्रतिनिधी बहुसंख्य होते. स्मॉल्सही होता. त्यांनी काय लिहिलं? सगळ्या पोरांसाठी, काळ्या आणि गोऱ्याही, फुकट सार्वजनिक शाळा. मताला मालमत्तेची अट नाही. खालच्या विधानसभेत काळ्यांचं बहुमत आलं. १८७० साली याच राज्याचा जोसेफ रेनी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बसणारा पहिला काळा माणूस ठरला. १८७३ साली विद्यापीठाची दारं उघडली. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. जोतीरावांची नजर कुठवर पोचत होती बघा.

हे राज्य टिकू दिलं नाही. ८ जुलै १८७६ ला हॅम्बर्ग या काळ्यांच्या गावात गोऱ्या टोळ्यांनी हल्ला केला, पकडलेल्या काळ्यांना एकेक करून गोळ्या घातल्या. त्या वर्षीची निवडणूक लाल शर्टवाल्यांच्या बंदुकांखाली झाली. १८७७ साली केंद्रानं फौज काढून घेतली आणि खेळ संपला. हॅम्बर्गमधल्या टोळ्यांत बेन टिलमन होता, आणि त्याबद्दल तो जन्मभर फुशारकी मारत राहिला. हा टिलमन पुढं गरीब गोऱ्या शेतकऱ्यांचा कैवारी म्हणून १८९० साली गव्हर्नर झाला. १८९५ साली त्यानं नवी घटना आणली : मत द्यायचं तर घटनेचं कलम वाचून दाखवा, नाही तर तीनशे डॉलरची मालमत्ता दाखवा, वर मतपट्टी भरा. वाचता येतं की नाही हे ठरवणारा अधिकारी गोरा. परिषदेत सहा काळे प्रतिनिधी उरले होते. म्हातारा होत आलेला स्मॉल्स त्यात होता. १८६८ ची घटना लिहिणाऱ्या माणसाला ती मोडताना बघावं लागलं. तो उभा राहून भांडला, हरला.

ती १८९५ ची घटना अनेक दुरुस्त्या होऊन आजही त्या राज्याची घटना आहे. काळ्यागोऱ्यांच्या लग्नाला बंदी घालणारं तिचं कलम १९६७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं निकामी झालं होतं, पण घटनेतून खोडलं गेलं ते १९९८ साली, मतदान घेऊन. जातीचं मर्म बेटीबंदीत आहे असं बाबासाहेब का म्हणत होते, ते इथंही कळतं.

आता गिरण्या. हे मी जरा सविस्तर सांगणार, कारण सूत आणि साचा हे माझ्या रोजच्या कामाचं आहे. कापूस पिकवला काळ्यांनी, पण कापडाच्या गिरण्या निघाल्या तेव्हा यंत्रावर घेतलं फक्त गोऱ्यांना. १९१५ साली राज्यानं कायदाच केला : कापड गिरणीत वेगवेगळ्या वंशाच्या कामगारांनी एका खोलीत काम करायचं नाही. एका वेळी एका दारानं जायचं नाही, एकच जिना नाही, पगाराची एकच खिडकी नाही, एकच संडास नाही, पाण्याची बादली आणि पेला एक नाही. आणि सूट कुणाला? फरशी पुसणाऱ्याला, संडास साफ करणाऱ्याला, बॉयलरवर कोळसा मारणाऱ्याला. झाडू हातात असेल तर कुठल्याही खोलीत या, साच्याला हात लावायला येऊ नका. त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. आणि मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला साचेखात्यात जागा नव्हती, का तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, सवर्ण विणकराला विटाळ होतो. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला. तिथं बादली आणि पेला, इथं धोटा.

गोऱ्या कामगाराला यातून काय मिळालं? मी काळा नाही, एवढा दिलासा. ६ सप्टेंबर १९३४ ला, देशभरच्या कापड संपात, हनी पाथ गावच्या चिकोला गिरणीपुढं संपवाल्यांवर गोळ्या चालल्या. सात मेले, सगळे गोरे. गिरणीचा सुपरिंटेंडंट हाच गावाचा मेयर होता. गोऱ्या कातडीनं गोळी अडवली नाही. साचे काळ्यांसाठी खऱ्या अर्थानं उघडले ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर, आणि पुढच्या तीसचाळीस वर्षांत त्या गिरण्याच बंद पडत गेल्या. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको.

बसलेल्या माणसांनी हे काही मिळवलेलं नाही. क्लॅरेंडन परगण्यात गोऱ्या पोरांना शाळेच्या मोटारी होत्या, काळ्या पोरांना एकही नाही. आईबापांनी आधी फक्त मोटार मागितली. नाही म्हटल्यावर त्यांनी शाळांची बरोबरीच मागितली. हॅरी ब्रिग्ज पेट्रोलपंपावर कामाला, बायको एलायझा मोटेलात कामाला. अर्जावर सही केली म्हणून दोघांची नोकरी गेली. त्यांना उभं करणाऱ्या पाद्री डीलेन यांचं घर जळालं, १९५५ साली त्यांना राज्य सोडून पळावं लागलं. पण १७ मे १९५४ ला सुप्रीम कोर्टानं शाळांतला वंशभेद बेकायदा ठरवला, त्यातल्या पाच खटल्यांपैकी एक ब्रिग्जचा होता.

८ फेब्रुवारी १९६८ ला ऑरेंजबर्गमध्ये पोलिसांनी काळ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार केला. कारण एका खेळघरात काळ्यांना प्रवेश नव्हता. तीन पोरं मेली. नऊ पोलीस निर्दोष सुटले, शिक्षा झाली ती क्लीव्हलँड सेलर्स या जखमी कार्यकर्त्यालाच. त्याला माफी मिळाली १९९३ साली. १९६९ साली चार्ल्सटनच्या इस्पितळातल्या काळ्या बायांनी सुमारे शंभर दिवस संप केला. त्यांच्यासमोर नॅशनल गार्डची फौज आणली गेली. तरी कामावरून काढलेल्या बारा जणींना परत घ्यायला लावलं.

मग विकास आला. हिल्टन हेड बेटावर गुलामांच्या वंशजांची, गल्ला लोकांची वस्ती. १९५६ साली पूल झाला, मागून हॉटेलं आली, गोल्फची मैदानं आली. या लोकांची जमीन बहुतेक वेळा मृत्युपत्राशिवाय वारसांत सामाईक. बिल्डरनं दूरच्या एका वारसाचा हिस्सा घ्यायचा, कोर्टात जायचं आणि सगळ्या जमिनीचा लिलाव करायला लावायचा. चाळीस एकरांनंतर उरलं होतं तेही असं गेलं. या लुटीला आळा घालणारा कायदा २०१६ साली झाला, त्याला नाव क्लेमेंटा पिंकनी यांचं.

हे पिंकनी कोण? राज्याचे सिनेटर आणि चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चचे पाद्री. डेन्मार्क व्हीसीच्या वेळी पाडलं ना, त्याच चर्चची ही परंपरा. १७ जून २०१५ ला एका गोऱ्या पोरानं तिथं प्रार्थनेला येऊन बसून नऊ जणांना गोळ्या घातल्या. पिंकनी त्यातले एक. गुलामी राखायला लढलेल्या फौजेचा झेंडा राज्याच्या विधानभवनावर १९६१ पासून होता. २००० साली घुमटावरून उतरवून आवारात लावला होता. ब्री न्यूसम या काळ्या बाईनं खांबावर चढून तो काढला, तिला अटक झाली आणि झेंडा पुन्हा चढवला. १० जुलैला सरकारनं तो कायमचा उतरवला. नऊ मुडदे पडल्यावर.

१९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी राष्ट्रसंघाकडं केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, आपल्यालाही त्या वाटेनं जायचा विचार आहे म्हणून. १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं तिकडचंच नाव घेतलं. नाव घेतलं तर इतिहासही घ्यावा. १८६८ ची घटना चांगली होती, पण जमीन हातात नव्हती, आणि केंद्राची फौज गेल्यावर रस्त्यावर राखण करायला संघटना पुरली नाही. सत्तावीस वर्षांत ती घटना पुसली गेली. आपली घटना त्याहून कितीतरी जास्त टिकली आहे, म्हणून ती आपोआप टिकेल असं कुणी समजू नये.

आणि तुमच्या तालुक्यात नवा कारखाना आला, तर उद्घाटनाच्या टाळ्या वाजवण्याआधी चौकशी करा. जमीन कुणाची गेली? यंत्रावर कोण आहे, कंत्राटावर कोण आहे, संडास कोण धुतो? नावं आणि आडनावं लिहून काढा. पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या.