जाड खांबात सळई किती? ०.८ टक्क्यांची गोष्ट

विभागातल्या एका सेमिनारमध्ये मी पुलाच्या खांबाचं मॉडेल दाखवत होतो. सळई किती, तर ०.८ टक्के. एका सरांनी विचारलं, "०.८च का?" मी म्हणालो, "कोडमध्ये आहे." त्यावर ते फक्त हसले. मी मूळचा एम.एस्सी. फिजिक्सवाला, असं उत्तर दिल्याची लाज वाटली. मग मागे जाऊन शोधलं.

सांगलीचा आयर्विन पूल १९२९चा, दगडी. दगडी कमानीच्या पुलात सगळा खेळ वजनाचा आणि दाबाचा, त्यामुळे सळईचा प्रश्नच येत नाही. त्याच सुमारास, १९३०च्या आसपास, अमेरिकेत इलिनॉय आणि लीहाय विद्यापीठांत काँक्रीटच्या खांबांवर मोठे प्रयोग चालले होते. खांबांवर महिनोन् महिने भार ठेवला. काँक्रीट आकसत गेलं, भाराखाली हळूहळू दबत गेलं (यालाच क्रीप म्हणतात) आणि आपला भार सळईवर ढकलत गेलं. सळई फारच कमी असेल तर ती या भारानेच कायमची दबू शकते. म्हणून किमान सळईची अट आली. अमेरिकेत ती १ टक्का, आपल्या आयएस ४५६मध्ये ०.८.

आता गंमत बघा. ही अट भारामुळे आली. मग पुराच्या पाण्यासाठी किंवा वरच्या गर्डरला जागा हवी म्हणून खांब जाड केला तर? समजा खांब २ बाय ३ मीटर. पूर्ण क्षेत्रफळावर ०.८ टक्के म्हणजे ४८,००० चौ. मिमी, ३२ मिमीच्या साधारण ६० सळ्या. पण भार पेलायला १ चौ. मीटरच पुरत असेल, तर आयएस ४५६ म्हणतं, टक्केवारी तेवढ्यावरच काढा. म्हणजे १० सळ्या!

मग खांब आणखी जाड करून सळई विसरायची का? इथे साताऱ्याचं कोयना धरण आठवावं. धरण म्हणजे खांब नव्हे, पण तेही काँक्रीटचं आणि स्वतःच्या वजनावर उभं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला. धरण टिकलं, पण उंच भागांत, जिथे मागच्या बाजूचा उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. पुढे मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते भक्कम केलं. एरवी आधार देणारं वजनच हादऱ्यात उलटं ओढतं, आणि ओढ सोसण्यात काँक्रीट कच्चं.

म्हणूनच पुलांच्या आयआरसी ११२मध्ये भारावरून काढलेल्या किमान सळईसोबत दुसरी अटही आहे: पूर्ण क्षेत्रफळाच्या निदान ०.२ टक्के. आपल्या खांबात १२,००० चौ. मिमी, म्हणजे १५ सळ्या. भूकंपाचा हिशोब वेगळा करायचाच. त्यात जास्त लागली तर जास्त.

पीएचडीला येताय ना? मग कोडमधला आकडा वापरण्याआधी एवढं विचारा: हा कुठल्या प्रयोगातून आला आणि तो प्रयोग माझ्या खांबाला लागू होतो का? सरांना हेच ऐकायचं होतं.