उतरलेला कपडा : दान की व्यापार?

मनुस्मृतीच्या 10व्या अध्यायाने शूद्रांना जुनी वस्त्रे, तर चांडाळांना प्रेतांची वस्त्रे नेमून दिली. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला तिचे दहन झाले. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी महिलांना बजावले : कपडा ठिगळांचा असो, पण स्वच्छ ठेवा. म्हणजे प्रश्न जुन्या-नव्याचा नव्हताच. कपडा कोणाच्या हुकमाने अंगावर येतो, याचा होता.

आज बोईसर-तारापूरची एखादी ताई जुने कपडे विकत घेऊन, धुऊन-इस्त्री करून मोबाईलवर विकते, तेव्हा भाव ती ठरवते. दान घेणाऱ्याला हा अधिकार नसतो. पण मुंबईत भांड्यांवर कपडे गोळा करणाऱ्या वाघरी भगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा केला. कष्ट होते, भांडवल नव्हते. म्हणून आम्ही म्हणतो : एकेकटीने नको, बचत गटाने धंदा वाढवा. जय भीम!