सहा अक्षरांचा माग: जैविक घड्याळाचा स्विच कसा सापडला?

संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा एक प्रश्न आहे. डीएनएमध्ये एखादा छोटासा क्रम दिसला, तर तो खरंच काही काम करतो हे कशावरून ठरवायचं? जैविक घड्याळाच्या इतिहासात याचं चांगलं उत्तर सापडतं.

1971 साली अमेरिकेत कॅलटेकमध्ये पीएचडीचा विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का आणि त्याचे मार्गदर्शक सीमोर बेन्झर यांनी फळमाशीचे तीन म्युटंट जगासमोर आणले. एकाचा दिवस 19 तासांचा, दुसऱ्याचा 28 तासांचा, तर तिसऱ्याला कसलाच ताळ नाही. गंमत म्हणजे तिन्ही बिघाड एकाच जनुकात होते. त्याचं नाव ठेवलं 'पीरियड'.

1984 मध्ये हे जनुक क्लोन झालं. 1990 मध्ये हार्डिन, हॉल आणि रॉसबॅश यांनी दाखवलं की पीरियडचा आरएनए रोज ठरावीक वेळी वाढतो आणि उतरतो, आणि या चढउतारावर त्याच जनुकाच्या प्रथिनाचा परिणाम होतो. म्हणजे प्रथिन आपल्याच जनुकाला लगाम घालतं. ठीक आहे, पण मुळात जनुक चालू कोण करतं?

1997 मध्ये हार्डिन यांच्या गटाने जनुकाच्या अलीकडचा 69 अक्षरांचा तुकडा वेगळा काढला. तो दुसऱ्या जनुकापुढे जोडला, तर तेही लयीत चालू लागलं! या तुकड्यात सहा अक्षरं होती: सी-ए-सी-जी-टी-जी. यालाच ई-बॉक्स म्हणतात. ही अक्षरं बदलली की जनुकाचा आवाज एकदम खाली येई.

पुढच्याच वर्षी दोन धागे जुळले. उंदरात क्लॉक आणि बीमल-1 ही प्रथिनांची जोडी पर-1 जनुकाच्या ई-बॉक्सवर बसते, आणि माशीत क्लॉक-सायकल ही जोडी तेच काम करते, हे दिसलं. माशी आणि उंदीर यांचे पूर्वज वेगळे होऊन 50 कोटींहून जास्त वर्षं झाली. तरी स्विच तोच!

इथे नवीन विद्यार्थी घाईने म्हणतो, 'मग काय, जीनोममध्ये ही सहा अक्षरं शोधली की झालं!' जरा गणित करू. चार अक्षरांतून सहा अक्षरी विशिष्ट शब्द योगायोगाने दर 4096 जागांमागे एकदा येईल. माणसाचा जीनोम सुमारे 300 कोटी अक्षरांचा, म्हणजे सात लाखांवर जागा. सी-जी ही जोडी आपल्या जीनोममध्ये कमी असल्याने खरा आकडा बराच खाली येतो, पण ढीग राहतोच. उलट 2011 मध्ये उंदराच्या यकृतात बीमल-1 प्रत्यक्ष कुठे बसतं हे मोजलं, तेव्हा जागा निघाल्या दोन हजारांच्या आसपास.

मग खरा ई-बॉक्स ओळखायचा कसा? इथे प्रजातींची तुलना कामी येते. निरुपयोगी क्रम काळाच्या ओघात बदलत जातो, कामाचा क्रम निवडीमुळे टिकतो. 2008 मध्ये फेलिक्स नेफ यांच्या गटाने दाखवलं की माशीत आणि सस्तन प्राण्यांत ई-बॉक्सच्या शेजारी, सहा किंवा सात अक्षरं सोडून, दुसरा थोडा अस्पष्ट ई-बॉक्स असतो. म्हणजे एकटा शब्द नव्हे, तर शब्दांची जोडी आणि त्यांच्यातलं अंतरही जपलं गेलंय.

पण दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, उंदराच्या पर-2 मध्ये लय देणारा क्रम सी-ए-सी-जी-टी-टी आहे. शेवटचं अक्षर वेगळं, तरी तो माणसातही टिकून आहे. फक्त 'शुद्ध' शब्द शोधणाऱ्याच्या हातून तो निसटला असता. दोन, सी-ए-सी-जी-टी-जी वनस्पतींतही महत्त्वाचा आहे, तिथे त्याला जी-बॉक्स म्हणतात. पण वनस्पतींच्या घड्याळाची मुख्य प्रथिनं वेगळीच आहेत. अक्षरं सारखी म्हणून घड्याळाचा वारसा एकच, असं म्हणता येत नाही.

तेव्हा आपल्या प्रस्तावात 'हा क्रम संरक्षित आहे' असं लिहाल, तेव्हा पुढचं वाक्यही तयार ठेवा: कोणत्या प्रजातींत, त्यावर कोणतं प्रथिन बसतं, आणि तो मोडला तर काय बिघडतं. तुलनेने संशयित सापडतो. गुन्हा सिद्ध करायला प्रयोगच लागतो.