कांचनगंगा : नाम आणि शिखर

नेपाळ-सिक्कीम सीमेवरील ८,५८६ मीटर उंचीच्या या पर्वताच्या मूळ नावात कांचनही नाही, गंगाही नाही. तिबेटी घटक चार : हिम, महान, भांडार आणि पाच, अर्थात महाहिमाची पाच भांडारे. संस्कृत वेषाने नाव श्रुतिमधुर झाले खरे, परंतु त्यातील भांडार लोपले. सिक्कीममध्ये मात्र त्या भांडाराच्या रक्षक देवतेचे पूजन पांग ल्हाबसोल या उत्सवात अद्यापि होते. चार्ल्स इव्हान्स यांच्या ब्रिटिश तुकडीने सिक्कीमच्या राजास माथा न तुडविण्याचे वचन दिले होते. त्यानुसार २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड व जो ब्राउन सर्वोच्च बिंदूच्या काही फूट खालीच थांबले. यास अपुरे आरोहण म्हणणे मला शब्दाचा दुरुपयोग वाटतो. दुसऱ्या दिवशी हार्डी व स्ट्रीदर यांनीही तीच मर्यादा पाळली.